मुंबई–न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जायला पावणेसोळा तास आणि यायला साडेचौदा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते इतरांनाही कळेल. तुम्ही दोघं जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाला आहात, जूनमध्ये परत येणार. नेटवर मुंबई–न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर दिसतं, विमानाचा वेग ताशी नऊशेच्या आसपास. भागाकार केला की चौदा तास येतात. तिकिटावर मात्र जाताना पावणेसोळा आणि येताना साडेचौदा. शिवाय पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क स्वतःच आपल्याकडे येत असतं. मग जाताना कमी वेळ लागायला हवा, इथे तर उलटंच. आणि अमेरिका नकाशात डावीकडे असताना जावयाच्या मोबाइलवर विमान वर रशियाकडे जाताना का दिसलं?

तुम्ही गणित शिकवायचात हे सांगितलं नसतंत तरी कळलं असतं. भागाकार बरोबर आहे. भाज्य आणि भाजक, दोन्ही मात्र दिसतात तसे नाहीत.

मी अठ्ठावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होतो, त्यातली बहुतेक सांताक्रूझला, बहुतेक रात्रपाळीची. पायलट विमान उडवतो. ते कुठून न्यायचं, किती उंचीवर, किती इंधन घेऊन, हे उड्डाणाच्या आधी काही तास जमिनीवर कागदावर ठरतं. तो कागद करायचं काम आमचं. त्यावर डिस्पॅचर सही करतो आणि कॅप्टनही करतो. त्यामुळे हा भागाकार मी काही हजार वेळा केला असेल, आणि साडेबारा हजार भागिले नऊशे असा एकदाही केलेला नाही.

आधी साडेबारा हजाराचं बघू. हा आकडा खरा आहे. गोलावरचं सर्वांत कमी अंतर काढलं तर ते साधारण १२,५३० किलोमीटर येतं, आमच्या भाषेत ६,७७० नॉटिकल मैल. पण हे अंतर कोणत्या वाटेवरचं? घरी नातवंडांचा जुना पृथ्वीगोल असेल तर काढा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. सैल असेपर्यंत तो अरबस्तानावरून, आफ्रिकेवरून जाईल. ताणलात की सरकत सरकत वर जाईल आणि एका जागी घट्ट बसेल. त्या जागी तो कुठून जातो ते बघा: कच्छच्या रणापलीकडून सिंध, कंदाहारजवळून तुर्कमेनिस्तान, कॅस्पियनच्या वरचं कझाकस्तान, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, हेलसिंकीच्या थोडं वरून, नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, आइसलँडचं रेक्याविक, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, आणि शेवटी वरच्या बाजूने न्यूयॉर्क. मधे तो ६४ अंश उत्तरेच्याही वर जातो. मुंबई १९ अंशांवर आणि न्यूयॉर्क ४१ च्या जरा अलीकडे, तरीही.

म्हणजे मुंबईहून उडताना न्यूयॉर्कची सुरुवातीची दिशा पश्चिम नाहीच. ती जवळजवळ उत्तर-वायव्य आहे. जावयाने पाहिलेलं विमान रस्ता चुकलेलं नव्हतं.

भिंतीवरचा नकाशा आपल्याला फसवतो. मर्केटरने १५६९ मध्ये तो खलाशांसाठी केला. होकायंत्राची दिशा एकच धरून गेलं तर त्यावर सरळ रेघ पडते, हा त्याचा गुण. मुंबई–न्यूयॉर्क अशी सरळ रेघ त्या नकाशावर मारली तर ती ओमानच्या वाळवंटावरून, तांबडा समुद्र, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया करत मोरोक्कोच्या माराकेशजवळून अटलांटिकात शिरते. दिसायला सरळ, मोजायला १४,२०० किलोमीटर. पावणेसतराशे किलोमीटरचा फेरा, म्हणजे जवळपास दोन तास.

ताणलेला दोरा हे सर्वांत कमी अंतर. आता त्या दोऱ्याखालचे देश पुन्हा वाचा आणि गेल्या काही वर्षांच्या बातम्या आठवा. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलचं हवाई नियंत्रण कोलमडलं आणि बहुतेक कंपन्यांनी अफगाणिस्तान टाळायला सुरुवात केली. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे. त्याच वर्षी रशियाने अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना दार लावलं. भारतीय कंपन्यांना ते उघडं राहिलं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं आणि मग ती बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. बालाकोटनंतर २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. तेव्हा मी नोकरीत होतो. पहिल्या दोन रात्री आमच्या खोलीत चहा थंड होत होता आणि कोणाला प्यायला वेळ नव्हता.

यात मुंबईकरांचं नशीब दिल्लीकरांपेक्षा बरं. आपल्या दाराशी समुद्र आहे. धावपट्टी सोडली की अरबी समुद्र, तो ओलांडला की मस्कत. दिल्लीच्या विमानाला पश्चिमेला जायचं तर आधी राजस्थान-गुजरात उतरून समुद्राकडे यावं लागतं. दोऱ्याचा खेळ पुन्हा करा, या वेळी एक टाचणी मस्कतला आणि एक इस्तंबूलला लावून दोरा त्यांच्या बाहेरून न्या. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, युक्रेन, सगळं टळतं. अंतर किती वाढलं? मी मोजून सांगतो: एकूण साधारण १३,००० किलोमीटर. साडेचारशे-पावणेपाचशेची वाढ, अर्ध्या तासाचं काम. नवे डिस्पॅचर हे बघून चकित होतात. इतक्या लांबच्या प्रवासात वाट थोडी वाकवली तर तिचा खर्च वाटतो त्याहून फार कमी असतो.

तुम्ही पुढे विचारलंय की थेट विमान घ्यावं की दुबई किंवा लंडनवरून जावं, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क साडेपाच हजार, बेरीज पावणेतेरा हजार. फ्रँकफर्टवरूनही तेवढीच. दुबईवरून तेरा हजाराच्या आत. हवेतलं अंतर जवळपास सारखंच. जो वेळ जातो तो विमानतळावर बसण्यात, आणि एक जादा उड्डाण-उतरण करण्यात. तुमच्या गुडघ्यांचं जे सांगितलंत त्यावरून मी थेट घेईन. काहींना मात्र मधे चार तास पाय मोकळे करायला मिळणं सोळा तासांच्या बैठकीपेक्षा मानवतं.

आता भाजक. ताशी नऊशे हा वेग कोणाच्या तुलनेत? जमिनीच्या नाही, हवेच्या. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बोइंग ७७७ सारखं विमान ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पटीने उडतं. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं, तिथे ध्वनी सेकंदाला २९५ मीटर जातो. म्हणजे विमान हवेतून ताशी साधारण ८९० किलोमीटर कापतं. हे बऱ्यापैकी कायम. पण ती हवाच चालत असेल तर? खाडीत होडी वल्हवणाऱ्याला विचारा. त्याच्या हातांचा जोर तोच, पण भरतीच्या पाण्याबरोबर आत जाताना एक वेळ आणि सुकतीवर तेच अंतर जाताना दुसरी. वर आकाशातल्या या पाण्याला फक्त ओहोटी आहे, भरती नाही. तुमच्या वाटेवर ते जवळजवळ नेहमीच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं. त्यालाच जेट स्ट्रीम म्हणतात.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरचे हे वाऱ्यांचे पट्टे. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची गरम हवा यांच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितका हा वारा जोराचा. म्हणून हिवाळ्यात तो दणकट असतो, खाली दक्षिणेकडे सरकतो, आणि त्याचा एक पट्टा हिमालयाच्या दक्षिणेला, थेट उत्तर भारतावर येऊन बसतो. गाभ्यात ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटर हे नेहमीचं. कधी त्याच्याही बरंच वर. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि जगाने वाचावं म्हणून अहवाल एस्परांतो या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला. जगाने अर्थातच वाचला नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये, अटलांटिकवर किआरा वादळ असताना, ब्रिटिश एअरवेजचं जंबो न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीपेक्षा वेगात ते गेलं का? नाही. हवेतून ते नेहमीच्याच चालीने जात होतं, हवा मात्र वेड्यासारखी धावत होती.

तुमच्या प्रवासाला हे लावू. समजा पूर्ण वाटेवर सरासरी ताशी पंचाहत्तर किलोमीटरचा पश्चिमेचा वारा आहे. जाताना ८९० तून ७५ वजा, ८१५. साडेबारा हजार भागिले ८१५: पंधरा तास वीस मिनिटं. येताना ९६५ ने भागा: तेराला तीन मिनिटं कमी. झाला की नाही फरक, एकाच अंतराला? आणि तुमच्यासारख्यांसाठी एक गंमत: जाणं-येणं मिळून वारा फिटंफाट होत नाही. वारा नसता तर दोन्ही मिळून अठ्ठावीस तास पाच मिनिटं, वाऱ्यासकट अठ्ठावीस तास सतरा मिनिटं. वारा तुमच्या विरुद्ध जास्त वेळ असतो आणि बाजूने कमी वेळ, म्हणून तो नेहमी थोडं खाऊनच जातो.

म्हणूनच डिस्पॅचर किलोमीटर मोजत नाही, हवेतले मैल मोजतो: या वाऱ्यात, या वाटेने गेलं तर विमानाला किती हवा कापावी लागेल? ज्या वाटेवर हा आकडा सर्वांत लहान ती वाट जवळची, मग जमिनीवर ती कितीही लांब का असेना. याचं माझ्या पाहण्यातलं सर्वांत सुंदर उदाहरण एअर इंडियाचं. त्यांचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने नेलं: चीन, जपान, मग पॅसिफिक. अंतर झालं १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. कारण सगळी वाट वारा पाठीमागे होता. आमच्या कँटीनमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. मुंबई–न्यूयॉर्कला ही युक्ती चालत नाही. न्यूयॉर्क अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, पॅसिफिकवरून फेरा फारच मोठा पडतो.

अटलांटिकवर तर हे वाऱ्याचं राजकारण रोज दोनदा होतं. आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूचं नियंत्रण केंद्र आणि कॅनडातलं गँडर, दोघं मिळून त्या दिवसाच्या वाऱ्यानुसार समुद्रावर समांतर वाटा आखतात. पश्चिमेला जाणाऱ्यांच्या वाटा वारा टाळणाऱ्या, पूर्वेला जाणाऱ्यांच्या वारा पकडणाऱ्या. म्हणून कालची वाट आज नसते, आणि जाणारं-येणारं विमान नकाशावर एकाच रेघेवर दिसत नाही.

आता पृथ्वीच्या फिरण्याचं. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला आहे. मुंबई स्वतः पूर्वेकडे ताशी सुमारे १,५७५ किलोमीटरने फिरते आहे, हे खरं. पण तिच्यावरची हवाही तिच्याबरोबर फिरते, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. तसं नसतं तर जुहूच्या चौपाटीवर कायम पंधराशे किलोमीटरचं वादळ असतं आणि भेळवाल्यांना दुसरा धंदा बघावा लागला असता. धावत्या पंचवटीत तुम्ही उडी मारलीत तर डबा पुढे निघून जाऊन तुम्ही मनमाडला पडत नाही, तसंच. फिरण्याचा परिणाम होतो तो वळसा घेऊन: विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा त्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, आणि त्यातूनच जेट स्ट्रीमला ही दिशा मिळते. म्हणजे पृथ्वीचं फिरणं तुम्हाला जाताना मदत तर करत नाहीच, उलट अडवतं.

इंधनाबद्दल थोडंच सांगतो, नाहीतर मी थांबणार नाही. एवढं मोठं विमान तासाला सात-आठ टन इंधन जाळतं. सोळा तासांना शंभर टनांच्या वर. आणि इंधनाला स्वतःलाही उचलून न्यावं लागतं. इतक्या लांबच्या उड्डाणात एक टन जादा घेतलंत तर त्यातला तिसरा हिस्सा तरी ते वाहून नेण्यातच जळतो. वाटेचं इंधन, चुकभूल म्हणून थोडं, न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळाचं, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालायचं, एवढं कायद्याने लागतंच. जानेवारीतल्या एका रात्री अटलांटिकवरचा वारा अंदाजापेक्षा फार वाढला. इंधन वाढवायचं तर वजन मर्यादेबाहेर. शेवटी तीन टन माल खाली उतरवायला मीच सांगितलं. मालाचा हिशेब बघणाऱ्याने पुढचे दोन महिने मला नमस्कार केला नाही. या मार्गावरची विमानं मध्यरात्रीनंतर निघतात, त्याचंही एक कारण वजनच. दुपारच्या तापलेल्या विरळ हवेत तेवढं वजन उचलायला इंजिन आणि पंख दोघंही कुरकुरतात. बाकी कारणं तिकडे सकाळी पोचण्याच्या सोयीची.

तिकिटावरचे पावणेसोळा तास हे पूर्ण उड्डाणाचे नाहीत, हेही ध्यानात घ्या. विमान मागे ढकलायला सुरुवात होते तिथून ते तिकडे चाकांना अडण्या लागतात तिथपर्यंतचा तो वेळ. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि रांग लागते. न्यूयॉर्कला उतरल्यावर गेटपर्यंतचा फेरफटका असतो. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडा जादा वेळ राखून ठेवतात, नंतर वेळेत पोचलो म्हणून सांगायला. काही रात्री तुम्ही चाळीस मिनिटं आधी पोचाल. पायलटने गाडी हाकली असं नव्हे, वारा पडलेला होता. आणि संकेतस्थळांवरची ‘उड्डाण वेळ’ म्हणजे बहुतेक ठिकाणी गोलावरचं अंतर भागिले एक ठरावीक वेग, अधिक अर्धा तास. त्यात वारा नाही, बंद आकाश नाही, ऋतू नाही. दोन्ही दिशांना एकच आकडा दिसला की ओळखा.

राहिलं घड्याळ. तुम्ही लिहिलंय, तिकिटावर रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी पावणेसातला पोचतो असं दिसतं, म्हणजे सव्वापाच तास; आणि जूनमध्ये येताना सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरालाच उतरतो, म्हणजे पूर्ण चोवीस तास. दोन्ही वेळा स्थानिक आहेत. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. दीडमध्ये पावणेसोळा मिळवा, आपले संध्याकाळचे सव्वापाच. त्यातून साडेदहा वजा, पावणेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. म्हणून जूनमध्ये फरक साडेनऊच. साडेअकरा अधिक साडेचौदा, तिकडचे रात्रीचे दोन. अधिक साडेनऊ, आपले साडेअकरा. आम्ही या गोंधळात पडायचो नाही, आमच्या भिंतीवरचं घड्याळ कायम ग्रिनिचचं असायचं.

जूनमध्ये जेट स्ट्रीम मंदावलेला आणि उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून येताना तुम्हाला तेरा तासांची चैन मिळणार नाही. वाकडी वाट आणि धावपट्टीवरचा वेळ धरून साडेचौदा.

खिडकीची जागा घेऊ का, असंही विचारलंत. येताना जरूर घ्या. जाताना नको. साठ अंशांच्या आसपास पृथ्वीचं फिरणं आणि पश्चिमेला जाणाऱ्या विमानाचा वेग जवळजवळ सारखेच होतात, सूर्य तुम्हाला गाठू शकत नाही. मुंबईच्या दीडच्या काळोखात निघाल, पावणेसोळा तास काळोखातच जाल, आणि न्यूयॉर्कला जानेवारीत सूर्य उगवतो सातनंतर, म्हणजे उतराल तेव्हाही बाहेर रात्रच असेल. काकूंना बाथरूमला उठायला सोपं पडावं म्हणून दोघंही खिडकीपासून दूरच्या, मधल्या वाटेलगतच्या खुर्च्या घ्या.